सरकारी कार्यालयाने बिल थकवले, तर?

प्रश्न : इंदूरच्या सांवेर रोडवर माझा लोखंडी कपाटे व रॅक बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. एका सरकारी कार्यालयाला माल देऊन पाच महिने झाले. माल वापरात आहे, पण बिलाबाबत विचारले की ‘निधी आलेला नाही’ एवढेच उत्तर मिळते. दाद मागता येईल का, आणि मागितली तर पुढच्या निविदांची दारे माझ्यासाठी बंद होतील का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दाद निश्चित मागता येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 मध्ये खरेदीदार म्हणजे माल घेणारा कोणीही, मग ते सरकारी कार्यालय का असेना. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करारात याहून लांबची मुदत लिहिली, तरी ती चालत नाही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असेच कायदा मानतो. निधी नसणे ही मालाविषयीची हरकत नव्हे. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते.

मात्र आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील नोंदणी) या पुरवठ्याच्या आधीची आहे ना, हे प्रथम पाहावे, कारण नंतर केलेल्या नोंदणीवर आधीच्या बिलासाठी विसंबणे धोक्याचे आहे. त्यानंतर माल पोचवल्याच्या चलनावरील सही-शिक्का व तारीख तपासून, थकलेली रक्कम आणि आजवरचे व्याज मांडणारे पत्र कार्यालयप्रमुखांना द्यावे व त्याची पोच घ्यावी. बरीच प्रकरणे भीडेपोटी तोंडी आश्वासनांवरच रेंगाळतात, याचे मला फार वाईट वाटते. पत्राने वैर होत नाही. तरीही पैसे न आल्यास राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करावा. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. प्रकरण निकाली काढण्याची कायद्यातील 90 दिवसांची मुदत नेहमी पाळली जात नाही. पण निर्णयाला आव्हान देऊ पाहणाऱ्या खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, हे आपले मोठे बळ आहे.

निविदांविषयीची आपली भीती मी समजू शकतो. परंतु हक्काचे पैसे मागणे हे अपात्रतेचे कारण म्हणून लेखी देणे कोणत्याही कार्यालयाला कठीण जाईल, शिवाय गिऱ्हाईक एकच ठेवण्याची गरज नाही. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांना 2012 च्या खरेदी धोरणानुसार वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते. त्या निविदांत अशा उद्योगांना बयाणा रक्कम माफ असते, आणि आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत अधिक असला, तरी त्या कमी दराला तयार झाल्यास कामाचा काही हिस्सा मिळू शकतो. मध्य प्रदेश शासनाच्या खात्यांना राज्याचे स्वतंत्र भांडार खरेदी नियम लागू असल्याने तेथील सवलती त्या त्या निविदेतच पाहाव्यात.