आधी पिसू, मग उंदीर

प्रश्न : आमची सोसायटी सीबीडी बेलापूरला पारसिकच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. मागच्या भिंतीपलीकडे उतारावर उंदरांची बिळंच बिळं झाली आहेत. खाली पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या पायांना काहीतरी चावतं आणि लाल पुळ्या उठतात. एका सभासदांनी मोबाइलवर अमेरिकेतली चित्रफीत दाखवली. तिथे प्लेग पसरू नये म्हणून माळावरच्या बिळांत पिसवा मारायची पावडर फुंकतात. आमचा पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, "मॅडम, बिळात गोळ्या टाकतो, दोन दिवसांत सगळे उंदीर साफ. प्लेगचंही टेन्शन नाही." पुढच्या सभेत ठराव मांडायचा आहे. काय करावं?
– एका सोसायटीच्या सचिव, बेलापूर

उत्तर : ठराव जरूर मांडा, ताई. फक्त गोळ्यांचा नको.

तुमचा पेस्ट कंट्रोलवाला गाडी उलटी जुंपतोय. प्लेगची शंका खरोखरच असेल, तर उंदीर आधी मारणं हे सगळ्यात वाईट पाऊल. पिसू उंदराच्या रक्तावर जगते. उंदीर मेला, अंग थंड पडू लागलं की ती उतरते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक. सगळेच उंदीर एका रात्रीत मेले तर मग मांजर, कुत्रा, नाहीतर तुमच्या पार्किंगमधली मुलं. म्हणून प्लेगच्या कामात क्रम ठरलेला असतो : आधी बिळांत पिसू मारायची औषधी भुकटी, पिसवा घटल्याची खात्री, आणि मगच उंदरांसाठी विष. आरोग्य खात्यात कीटक समाहारक, म्हणजे तपासणीसाठी कीटक गोळा करणारी, म्हणून नोकरी करताना हा क्रम मी नव्या मुलांकडून पाढ्यासारखा म्हणवून घ्यायचे.

हे ज्ञान आपल्याच भागात मिळालेलं आहे. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा तो पसरतो कसा हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. हवा, घाण, धान्य, कपडे, सगळ्यांवर संशय. घरं धुतली, माणसं हलवली, पुण्यात तर त्यापायी काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. नुकताच मेलेला उंदीर उचलणारा आजारी पडतो, पण मरून दिवस उलटलेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नाही. 1898 मध्ये कराचीत त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला आणि जाळीआड निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होऊच शकत नव्हता. पहिला मेला, आणि काही दिवसांनी दुसराही. जाळीतून गेलं कोण, तर पिसू. लोकांनी बरीच वर्षं त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही, ते सोडा.

पिसूच्या पोटात काय होतं तेही सांगते, कारण सभेत कुणीतरी "एवढीशी पिसू काय करणार?" असं विचारणारच. उंदरांवरची पिसू, झेनोप्सिला चिओपिस, प्लेगचे जंतू असलेलं रक्त पिते. जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढून गुठळी करतात. चहाच्या गाळणीत गाळ अडकावा तसं रक्त पुढे जाईनासं होतं. पिसू उपाशी राहते, उपाशी म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक वेळी अडलेलं रक्त जंतूंसकट उलट चावलेल्या अंगात जातं.

आता तुमच्या सभासदांची चित्रफीत. ती खोटी नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळांवर प्रेअरी डॉग नावाचे बिळांत राहणारे प्राणी असतात. त्यांच्या वसाहतीत प्लेग शिरला की वसाहतच्या वसाहत मरते. त्यांना खाऊन जगणारा, मुंगसासारखा दिसणारा काळ्या पायांचा फेरेट तर 1987 मध्ये जेमतेम 18 उरला होता. म्हणून तिथे बिळाच्या प्रत्येक तोंडात डेल्टामेथ्रिनची भुकटी फुंकतात. एका तोंडाला चार-पाच ग्रॅम, पण एकही तोंड सोडायचं नाही. प्राणी येता-जाता भुकटी अंगावर घेतो आणि घरट्यापर्यंत नेतो. खरी गोम इथे आहे. अंगावर दिसते ती फक्त मोठी पिसू. तिची अंडी, अळ्या आणि कोश घरट्याच्या भुशात असतात, आणि कोशातली पिसू कितीतरी आठवडे दडून राहू शकते. उंदरावर कितीही फवारा, घरट्यात औषध पोचलं नाही तर पंधरवड्यात पुन्हा तेच.

दुसरी पद्धत म्हणजे फिप्रोनिल मिसळलेले दाणे. प्राणी दाणे खातो, औषध रक्तात उतरतं आणि ते रक्त पिणारी पिसू मरते. प्रत्येक बिळापाशी वाकावं लागत नाही, म्हणून मोठ्या माळांवर हे सोयीचं. तिसरी पद्धत आमिषाच्या नळीची : आतल्या बाजूला औषध लावलेलं असतं, उंदीर खाण्यासाठी आत शिरतो आणि अंग माखून बाहेर पडतो. प्रेअरी डॉगसाठी शेंगदाण्याच्या बटरच्या चवीची लसही त्यांनी करून पाहिली आहे.

यातलं काहीही उचलून पारसिकच्या उतारावर चालणार नाही. भुकटी कोरड्या बिळात महिनोन्महिने टिकते. आपल्याकडे जूनमध्ये पहिल्या जोराच्या सरीत निम्मी बिळं ढासळतात आणि उरलेल्यांत चिखल होतो. शिवाय डेल्टामेथ्रिन बिळातले बाकीचे कीटकही मारतं, आणि पाण्याबरोबर नाल्यात गेलं तर मासे आणि खेकडेसुद्धा. त्याच औषधाचा वर्षानुवर्षं मारा केला की पिसवा त्याला दाद देईनाशा होतात. मादागास्करमध्ये प्लेग दर हंगामात येतो, आणि तिथल्या पिसवांवर डेल्टामेथ्रिन नीट चालेनासं झालं आहे. आपल्याकडे डीडीटीचं हेच झालं होतं. म्हणून हे औषध गरज असेल तिथेच वापरायचं.

गरज आहे की नाही हे कसं ठरवतात, तर उंदीर विंचरून! हसू नका. संध्याकाळी पिंजऱ्यात सुका बोंबील नाहीतर भजं अडकवायचं. सकाळी जिवंत उंदीर पांढऱ्या कापडी पिशवीत घेऊन क्लोरोफॉर्म द्यायचा, पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेवर धरून शेपटीकडून मानेकडे फणी फिरवायची. पडलेल्या पिसवा मोजून उंदरांच्या संख्येने भागायच्या. चिओपिसचा हा आकडा उंदरामागे 1 च्या वर गेला की आम्ही सावध व्हायचो. रक्ताचा नमुना वेगळा जातो. कुत्र्यांचंही रक्त तपासतात, कारण कुत्रं प्लेगचा उंदीर खाऊन बहुधा मरत नाही, पण त्याच्या रक्तात खूण राहते.

रानातला उंदीर आणि घरातला उंदीर यांचं नातं समजायला बीड जिल्ह्यातलं मामला गाव आठवा. तिथे 1994 च्या ऑगस्टमध्ये गाठीचा प्लेग निघाला. आदल्या वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. घाबरलेल्या लोकांनी घरं सोडली, धान्य आतच राहिलं, उंदीर माजले. शेतातल्या उंदरांच्या पिसवा गावातल्या उंदरांवर आल्या, असा त्याचा उलगडा सांगतात. देशात त्याआधीचा माणसातला प्लेग 1966 चा, कर्नाटकातला. मधली अठ्ठावीस वर्षं रोग गेला असंच सगळे धरून चालले होते. मामल्यानंतर महिन्याभरात सुरतेत फुप्फुसांचा प्लेग आला आणि माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागली. पुढे 2002 मध्ये हिमाचलात आणि 2004 मध्ये उत्तरकाशीकडे तो छोट्या वस्त्यांत पुन्हा दिसला. म्हणून पाळत ठेवणं चालू राहतं आणि राहायला हवं. पण पाळत ठेवण्याजोगी जागा आणि प्लेगची जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या उतारावर बिळं आहेत एवढ्यावरून तिथे प्लेग आहे असं होत नाही.

मग मुलांना चावतं काय? माझा संशय तुमच्या पार्किंगमधल्या मांजरांवर आहे. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेख केला नाही, पण नवी मुंबईतल्या खांबांवरच्या पार्किंगमध्ये मांजरं नाहीत असं मी मानायला तयार नाही. रात्री जमिनीवर पांढरा उथळ वाडगा ठेवा, त्यात साबणाचं पाणी घाला आणि वर छोटा दिवा लावा. पिसवा उजेडाकडे उड्या मारून पाण्यात पडतात. त्या बाटलीत घालून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गालाशी आणि मानेमागे काळ्या काट्यांची रांग असेल तर ती मांजराची पिसू. चिओपिसला हे काटे नसतात. मांजराची पिसू चावून हैराण करते, पण प्लेग पसरवण्यात ती फार कच्ची.

ठरावात एवढं घ्या. मांजरांना पशुवैद्याकडून पिसवांचं औषध. ती झोपतात त्या गोणपाटांची विल्हेवाट, आणि तिथल्या भेगांत परवाना असलेल्या माणसाकडून औषध. ओला कचरा झाकणाच्या डब्यात, आणि भिंतीला चिकटून ठेवलेला भंगार फर्निचरचा ढीग हलवणं. उंदरांना खाणं मिळेनासं झालं की संख्या आपोआप उतरते. महापालिकेच्या मूषक नियंत्रण विभागाला अर्ज द्या. आणि "गोळ्या" म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड असेल तर त्या माणसाला फाटकातून आत घेऊ नका. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. तो बिळातून भिंतीच्या भेगांत आणि तिथून तळमजल्यावरच्या घरात शिरू शकतो.

तुमच्या उतारावरून पावसाचं पाणी पार्किंगमध्ये येत असेल तर मला प्लेगपेक्षा लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) काळजी जास्त वाटते. उंदरांचं मूत्र त्या पाण्यात असतं. पायाला जखम असताना त्यातून चाललेल्यांनी 24 ते 72 तासांत डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. पाऊस आणि अंगदुखीसह ताप, हे दोन्ही एकत्र आले तर घरगुती काढ्यांवर दिवस घालवू नका.

प्रश्न : येऊरला सकाळी फिरताना वाटेवर मेलेला उंदीर दिसला. आमच्या कुत्र्याने तो हुंगला. घाबरावं का?
– ठाणे (पश्चिम)

उत्तर : एका उंदरासाठी नाही. त्याला साप, गाडी, विष, काहीही कारण असू शकतं. एकाच भागात थोड्या दिवसांत बरेच उंदीर विनाकारण पडलेले दिसले तर मात्र वन विभागाला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवा. उचलायला जाऊ नका, काठीने उलटवूनही पाहू नका. कुत्र्याला पट्टा लावा आणि पिसवांचं औषध वेळच्या वेळी द्या. त्या आठवड्यात घरात कुणाला जोराचा ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर डॉक्टरांना उंदराची गोष्ट आधी सांगा. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी चांगली औषधं आहेत, ती लवकर सुरू व्हायला हवीत इतकंच.

प्रश्न : उंदरांसाठी मांजर पाळलं तर प्लेगचा धोका कमी होईल ना?
– कोपरी

उत्तर : नाही. प्लेगचा उंदीर खाल्लेलं मांजर कुत्र्यापेक्षा खूप जास्त आजारी पडतं, आणि अमेरिकेत अशा मांजरांकडून माणसांना फुप्फुसांचा प्लेग झालेला आहे. शिवाय कोपरीच्या गटारातली घूस पाहिलीत का? तिच्यासमोर मांजर वाट बदलतं.