सीसीडीईसाठी नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त झालो. मुलगा ई अँड टीसी इंजिनिअर, वय २७. अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षांपासून नेटवर्क सांभाळतो. सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं पायाचं प्रमाणपत्र सीसीएनए झालं, मागच्या वर्षी त्यावरचं सीसीएनपीही निघालं. आता म्हणतो, नोकरी सोडून वर्षभर अभ्यासिका लावतो आणि त्यांचंच सीसीडीई काढतो. एक क्लासवाला पासची गॅरंटी देतोय, ‘परीक्षेतले खरे प्रश्न देतो’ असंही म्हणाला. इकडे आम्ही त्याच्या लग्नाचं बघतोय. हो म्हणू की नाही?

उत्तर : परीक्षेला हो म्हणा, राजीनाम्याला नाही. लग्नाचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

आपल्याकडे अवघड परीक्षा म्हटली की एमपीएससीचाच नमुना डोळ्यांपुढे येतो. नोकरी सोडायची, अभ्यासिकेत जागा धरायची, ठोकळे पाठ करायचे. अभ्यासक्रम ठरलेला असतो तिथे हे चालतंही. सीसीडीईची गोष्ट वेगळी आहे. नेटवर्क डिझाइनमधली सिस्कोची ही सगळ्यात वरची परीक्षा, दर्जा सीसीआयई या सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीच्या परीक्षेच्या बरोबरीचा. आधी दोन तासांची लेखी, ती निघाली की आठ तासांची प्रात्यक्षिक. या प्रात्यक्षिकात राउटरवर एकही कमांड द्यायची नसते. एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रं समोर येतात : नेटवर्कचे नकाशे, कंपनीची माहिती, साहेबांचे एकमेकांना गेलेले ई-मेल. ते वाचून निर्णय घ्यायचे आणि कशामुळे घेतले तेही सांगायचं. उत्तर देऊन पुढे गेलात की मागे फिरता येत नाही. मध्येच नवी माहिती येते आणि मघाशी जमलेलं गणित बदलतं.

एक उदाहरण देतो, मुलालाही वाचायला द्या. समजा एका कंपनीचे अंबड, सातपूर आणि सिन्नरला कारखाने आहेत. तिने पुण्याची एक छोटी कंपनी विकत घेतली. दोघांच्याही नेटवर्कमध्ये यंत्रांना दिलेले आतले आकडी पत्ते १०.१.०.० पासूनच सुरू होतात. खासगी वापराचे हे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार सगळ्या जगाला मोकळे आहेत, त्यामुळे दोन कंपन्या एकत्र आल्या की अशी टक्कर नेहमीच होते. आता काय करायचं? एका बाजूचे सगळे पत्ते बदलणं हा पक्का उपाय, पण त्यात महिनोन्‌महिने जातात आणि यंत्रांवर बसवलेले जुने कंट्रोलर बदलायला उत्पादन थांबवावं लागतं. मध्ये नॅट, म्हणजे वाटेतच पत्ते बदलून देणारी सोय, बसवलं तर काम पटकन होतं, पण काही सॉफ्टवेअर अडतात आणि पुढे बिघाड शोधताना जीव मेटाकुटीला येतो. बरोबर कोणतं, हे पुस्तकात सापडणार नाही. ते त्या ई-मेलमधल्या एखाद्या ओळीत असतं : ‘येत्या तिमाहीत उत्पादन एक तासही थांबता कामा नये.’ ही ओळ वाचणारा आज नॅट बसवतो आणि पत्ते बदलण्याचं काम पुढच्या तिमाहीत टप्प्याटप्प्याने लावतो. ही ओळ ज्याच्या नजरेतून सुटली, त्याला ओएसपीएफ, बीजीपी हे माहितीचा मार्ग ठरवणारे नियम तोंडपाठ असून उपयोग नाही.

ही नजर तुमच्या मुलाला अंबडच्या त्या कारखान्यातच येणार आहे, म्हणून राजीनामा नको म्हणतोय. त्याला विचारा, कारखान्याला इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत का? असतील. दोन वेगळ्या कंपन्यांच्याही असतील. पण दोघींची फायबर रस्त्याकडेच्या एकाच चरातून आली असेल तर जेसीबीचा एक फटका दोन्ही लाइनी तोडतो, आणि नाशिकमध्ये रस्ता खोदलेला नाही असा महिना मला तरी आठवत नाही. कागदावर दोन मार्ग दिसतात, प्रत्यक्षात एकच असतो. हे त्याने शोधावं. नेटवर्क तासभर बंद पडलं तर कंपनीचं किती नुकसान होतं, हे अकाउंट्सच्या माणसाला विचारावं. दुसऱ्या लाइनवर किती खर्च करणं परवडतं, ते त्याशिवाय ठरतच नाही. जुने नकाशे काढून आधीच्या माणसाने हे असंच का केलं असेल, याचा छडा लावावा. पुष्कळदा कारण तांत्रिक नसतं. त्या वर्षी पैसे नव्हते, एवढंच असतं. परीक्षेतही असंच असतं.

सीसीडीईला औपचारिक पूर्वअट काही नाही, सीसीएनपीसुद्धा लागत नाही. पण पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा असं सिस्को स्वतःच सुचवते. मुलाची चार झालीत, आणि ती सांभाळण्याची आहेत, आखण्याची नाहीत. त्यामुळे मध्ये एक पायरी घ्यावी. सीसीएनपी एंटरप्राइजच्या ऐच्छिक विषयांत डिझाइनचा पेपर आहे, एन्स्लड, क्रमांक ३००-४२०, वेळ ९० मिनिटं. पत्त्यांची आखणी, रूटिंग म्हणजे मार्ग ठरवणं, कॅम्पस म्हणजे एका आवारातलं नेटवर्क, वॅन म्हणजे दूरच्या ठिकाणांना जोडणारं, थोडं ऑटोमेशन असा आवाका आहे. सीसीएनपीला त्याने दुसरा विषय घेतला असेल तर हा आता द्यावा. डिझाइन स्पेशालिस्टचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं आणि या कामाची आवड खरंच आहे का, तेही कळतं. त्यानंतर सीसीडीईची लेखी. प्रात्यक्षिकाला घाई नको. तिची फी लेखीच्या कित्येक पट आहे, तीही डॉलरमध्ये. एकूण दोन-तीन वर्षं धरा.

आणखी एक अडचण मुलं बोलून दाखवत नाहीत. आठ तास इंग्रजी वाचायचं, तेही वेगाने आणि ओळींच्या मधलं हेरत. आपली इंजिनिअर मुलं कमांड भराभर वाचतात, पानभर ई-मेल आला की डोळे घसरत खाली जातात. रोज अर्धा तास एखाद्या कंपनीची केस वाचून वहीच्या एका बाजूला ‘काय हवंय’ आणि दुसऱ्या बाजूला ‘काय चालणार नाही’ एवढंच लिहायची सवय लावली तर तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. आपल्यासारखाच कोणी तयारी करणारा मित्र मिळाला तर उत्तम. दोघांनी एकमेकांचे निर्णय खोडून काढावेत.

क्लासवाल्याला तर दारात उभं करू नका. खरे प्रश्न विकत घेऊन परीक्षा देणं हा सिस्कोच्या गोपनीयता कराराचा भंग आहे. उघडकीला आलं तर मिळालेली प्रमाणपत्रंही रद्द होऊ शकतात आणि पुढच्या परीक्षांना कायमची बंदी येऊ शकते. म्हणजे सीसीडीईच्या नादात हातातलं सीसीएनपीही जायचं.

नोकरीचंही स्पष्ट सांगतो. नाशिकच्या कारखान्यांत सीसीडीई विचारणारं फारसं कोणी भेटणार नाही. हे काम पुणे, मुंबई, बंगळुरूच्या मोठ्या आयटी सेवा कंपन्या, टेलिकॉम आणि बँका यांच्याकडे असतं. तिथे मुलाखतीत पहिला प्रश्न ‘तुम्ही स्वतः काय आखलंत?’ हाच येतो. वर्षभर अभ्यासिकेत बसलेल्या मुलाकडे त्याचं उत्तर नसेल. अंबडमध्येच त्याने नव्या शेडचं नेटवर्क मागून घेतलं आणि तडीस नेलं तर असेल. साहेबांकडे ते काम मागायला त्याला आजच सांगा.

आणि रजा साठवायला सांगा. प्रात्यक्षिकाआधी सलग तीन आठवडे मोकळे मिळाले तर पुरे. लग्नाची तारीख तेवढी त्या तीन आठवड्यांत धरू नका.