आधी खुर्च्या मांडायला जा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रविवारी रात्री वाचला, लगेच उत्तर द्यायला घेतलं आणि मग म्हटलं नको, हे फोनवर टाइप करण्यासारखं नाहीये, नीट बसून लिहिते. तू लिहिलंस की इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या या नाइटनमध्ये येऊन पाच महिने झाले, केअर होममधली ड्युटी संपली की खोली, खोलीतून परत ड्युटी, लोक गोड बोलतात पण घरी कोणी बोलवत नाही, आणि संध्याकाळी सहानंतर इथे काहीच नसतं. पहिल्या तीन गोष्टी मला पटल्या. चौथी नाही पटली गं. इथे एवढं काही चाललेलं असतं की मला वीस-पंचवीस वर्षांत सगळं बघून झालेलं नाहीये. फक्त ते बाहेरून दिसत नाही, कारण ते बघायला येणाऱ्यांसाठी नसतंच, करणाऱ्यांसाठी असतं.

आधी तुझ्या गावाबद्दल थोडं. नाइटनचं वेल्श नाव त्रेव-अ-क्लाउथ, म्हणजे बांधावरचं गाव. आपल्याकडे बांध म्हटलं की भाऊबंदकी आणि कोर्टाच्या तारखा आठवतात, इथला बांध आठव्या शतकातल्या ऑफा राजाचा, आणि 1971 पासून त्याच्या कडेने 285 किलोमीटरची पायवाट आहे, ती तुझ्या गावातूनच जाते. गाव वेल्समध्ये आणि रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये, हे तुला एव्हाना कळलंच असेल. पूर्वी 1881 च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद असायचे तेव्हा लोक सरळ पलीकडे इंग्लंडात जाऊन प्यायचे. सीमेवरची माणसं अशीच असतात, दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊन जगतात आणि कोण कुठला हे फार विचारत नाहीत. त्यामुळे तू बाहेरची आहेस म्हणून कोणी बोलवत नाही असं मनात धरू नकोस. ते एकमेकांनाही बोलवत नाहीत. ते हॉलमध्ये भेटतात.

हॉल म्हणजे व्हिलेज हॉल. आपल्याकडे जसं देवळाचं सभामंडप, तिथेच कीर्तन, तिथेच ग्रामसभा, तिथेच कुणाचं बारसं, तसं इथे सगळं त्या एका पत्र्याच्या नाहीतर दगडी हॉलमध्ये. पँटोमाइम, कॉयरची म्हणजे समूहगायनाची प्रॅक्टिस, सिनेमा, यंग फार्मर्स क्लबची नाटकं. बॉर्डरलाइन्स नावाचा फिल्म फेस्टिव्हल 2003 पासून चालू आहे, त्याचे सिनेमे हेरफर्डच्या थिएटरात तर लागतातच पण आजूबाजूच्या खेड्यांच्या हॉलमध्येही लागतात, आणि सब-टायटल वाचत बसलेले शेतकरी मी स्वतः पाहिलेत. वेल्सच्या आर्ट्स कौन्सिलची नाइट आउट म्हणून योजना आहे, त्यात गावातले चार-पाच लोक मिळून एखादं व्यावसायिक नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम निवडतात, हॉल देतात, पोस्टर लावतात, तिकिटं विकतात, आणि तिकिटं कमी खपली तरी तोट्याची जोखीम योजना उचलते. मला ही फार शहाणपणाची व्यवस्था वाटते. काय आणायचं ते गावच ठरवतं, आणि एक कार्यक्रम पडला म्हणून गाव पुढच्या वेळी घाबरत नाही.

आता माझी चूक सांगते, तू ती करू नयेस म्हणून. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मला वाटलं आपणच काहीतरी करावं, मग मी इंडियन इव्हिनिंग ठरवली, साठ माणसांचं जेवण, दोन मैत्रिणी बर्मिंगहॅमहून नाचायला आल्या, आणि तारीख घेतली मार्चच्या शेवटची. नऊ माणसं आली. मी रात्रभर रडले, वाटलं यांना आपण नकोच आहोत. आठवड्याने शेजारच्या फार्मवरची बाई अंडी द्यायला आली आणि सहज म्हणाली, अगं मेंढ्या विण्याच्या दिवसांत कोण येणार, आम्ही सगळे रात्र रात्र गोठ्यात असतो. मी कुणाला विचारलंच नव्हतं. हॉलची डायरी जिच्याकडे असते तिला एकदा विचारलं असतं तरी कळलं असतं. पुढे दोन वर्षं मी काहीच ठरवलं नाही, फक्त गेले, खुर्च्या मांडल्या, कप विसळले, रॅफलची म्हणजे सोडतीची तिकिटं फाडली. तिसऱ्या नोव्हेंबरात त्यांनीच विचारलं, तुझी ती दिवाळी कधी असते, आणि हॉल भरला.

म्हणून तुला सांगणं एवढंच की आधी खुर्च्या मांडायला जा. परफॉर्म करायला नको. तू शाळेत लेझीम खेळायचीस हे मला माहितीये, ते येईल पुढे, पण सुरुवातीलाच स्टेजवर गेलीस तर पाहुणी होऊन बसशील आणि पाहुणीला टाळ्या मिळतात, काम मिळत नाही.

आयस्टेथवॉड हा शब्द ऐकला असशील, त्याचा अर्थच मुळी बसणं, म्हणजे आपली बैठक. 1176 मध्ये लॉर्ड रीस या राजाने कार्डिगनला कवी-गायकांची स्पर्धा भरवली तिथपासून ती परंपरा सांगतात, आणि कवीला बक्षीस काय, तर खुर्ची! आजही खुर्चीच देतात. यंग फार्मर्सची पोरंपोरी दिवसा ट्रॅक्टर चालवून संध्याकाळी त्याची तालीम करतात. आणि मारी लुइड बघायला मिळाली तर सोडू नकोस, घोड्याची खरी कवटी, पांढरी चादर, रिबिनी, ती दारोदार जाते आणि बाहेरचे नि आतले गाण्यात सवाल-जवाब करतात, अगदी कलगी-तुऱ्यासारखं. चेपस्टोला वाय नदीच्या जुन्या पुलावर वेल्सकडून मारी आणि इंग्लंडकडून वासेलची, म्हणजे हिवाळ्यात भरभराट चिंतणारी गाणी म्हणणारे समोरासमोर आलेले मी पाहिले, जानेवारीची थंडी, पाय बधिर, आणि मला वाईची आठवण येऊन गळा दाटून आला.

हे-ऑन-वायला जायचंच आहे तुला, भिलार तुझ्या घरापासून जवळ ना. 4 मे 2017 ला भिलार पुस्तकांचं गाव झालं ते या हे-ऑन-वायवरूनच सुचलं होतं. रिचर्ड बूथने साठच्या दशकात तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू केली, 1 एप्रिल 1977 ला गाव स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केलं आणि स्वतः राजा झाला. लोक त्याला विनोद म्हणून सांगतात, पण त्यामागे कळकळ होती, छोट्या गावातली पोरं पोटासाठी बाहेर जातात ती थांबावीत. 1988 ला तिथे पुस्तकांचा फेस्टिव्हल सुरू झाला, मे अखेरीस गावाला जत्रेचं रूप येतं, तेव्हा जा, पण नोव्हेंबरातल्या एखाद्या गुरुवारी बाजाराच्या दिवशीही जा, पुस्तकवाल्यांना बोलायला वेळ असतो.

माझ्या गावाचा, प्रेस्टीनचा, संगीताचा फेस्टिव्हल ऑगस्टच्या शेवटी असतो, 1983 पासून. आजच्या संगीतकारांकडून नवीन रचना करून घेतात आणि आमच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये त्या पहिल्यांदा वाजतात, म्हणजे जगात कुणी ऐकलेलं नाही ते दोन-तीन हजार वस्तीच्या गावात आधी ऐकू येतं. मला त्यातलं सगळं कळत नाही, तरी जाते.

या सगळ्याला बसने जायचं कसं हा प्रश्न खरा आहे, त्यावर उपाय म्हणजे विचारणं. केअर होममधल्या आजींनाच विचार, त्यातल्या निम्म्या तरी कधीकाळी त्याच हॉलच्या कमिटीवर असतील, कोणाशी बोलायचं ते त्याच सांगतील आणि तुझ्याकडून परत येऊन सगळी हकिगत ऐकायला टपून बसतील.

आमच्या कॉयरची प्रॅक्टिस मंगळवारी सात वाजता असते. आवाजाची परीक्षा नाही, म्युझिक वाचता नाही आलं तरी चालतं. मी साडेसहाला क्लॉक टॉवरपाशी गाडी घेऊन येते. टॉर्च आण, आमच्याकडे तारे दिसावेत म्हणून दिवे मंद ठेवलेत, हॉलपर्यंतच्या गल्लीत काही दिसत नाही. आणि जमलं तर थोडा चिवडा कर, चहाबरोबर ठेवू.

तुझी,
मावशी