वाचनालयाचा खर्च कोण करतं?

(ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकांनी सार्वजनिक वाचनालयांविषयी विचारलेल्या प्रश्नांना एका निवृत्त ग्रंथपालबाईंची उत्तरं)

ताई, आमच्या सोसायटीत रहिवाशांनी दिलेली दीड-एक हजार पुस्तकं जमली आहेत. ऑफिसमागची खोली मोकळी आहे. वाचनालय काढून सरकारी अनुदान घ्यावं असा विचार आहे. इथले एक पुढारी म्हणतात, "अर्ज टाका, मिळून जाईल." खरंच मिळतं का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, कोपरखैरणे

अर्ज जरूर टाका, पण "मिळून जाईल" म्हणणाऱ्याला आधी आजीव सभासद करून घ्या. पहिली वर्गणी तरी सुटेल.

आपल्याकडे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, तो 1 मे 1968 पासून लागू झाला. लोकांनी काढलेल्या आणि चालवलेल्या वाचनालयाला या कायद्याने शासनमान्यता मिळते आणि मग सहायक अनुदान मिळतं. यातला "सहायक" हा शब्द विसरू नका. मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंतच पैसे येतात, आणि त्यालाही वाचनालयाच्या वर्गाप्रमाणे कमाल मर्यादा असते (वर्ग कोणते ते पुढे सांगते). उरलेलं तुमचं तुम्ही बघायचं.

गृहनिर्माण संस्थेची नोंदणी इथे चालत नाही. वाचनालयाची संस्था वेगळी नोंदवावी लागते, 1860 चा सोसायटी नोंदणी कायदा आणि 1950 चा विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली. त्यासाठी ठाण्याचं धर्मादाय कार्यालय गाठा. पुढे कार्यकारिणी बदलली की फेरफार अहवाल मुदतीत द्यायला विसरू नका. तो राहिल्यामुळे पुढचा सगळा कागद अडलेली मंडळं मी पाहिली आहेत. भांडण कुणाचंच नव्हतं, फक्त जुने सचिव वारले होते आणि नव्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी अट मनाची तयारी लागणारी आहे. वाचनालय सार्वजनिक हवं. समोरच्या चाळीतली मुलगी, नाक्यावरचा रिक्षावाला, कुणीही वर्गणी भरून सभासद होऊ शकला पाहिजे. गेटवरचा वॉचमन "कुणाकडे जायचंय?" विचारणार असेल, तर ते तुमचं खासगी कपाट झालं. सर्वसाधारण सभेत हा विषय आधी काढा. पुस्तकांवरून न झालेली भांडणं पार्किंगवरून होतील, पण होऊन जाऊ द्या.

आता पैशांचं. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि जिल्हा, तालुका, इतर असे स्तर. तुमचं "इतर"मध्ये येईल. 2012 च्या दरांत नोव्हेंबर 2022 मध्ये 60 टक्के वाढ मंजूर झाली. त्या हिशेबाने "इतर ड" वाचनालयाला वर्षाला 30,000 चे 48,000 झाले, "इतर क"ला 96,000 चे 1,53,600. अगदी वरच्या "जिल्हा अ"ला 7,20,000 चे 11,52,000. म्हणजे सुरुवातीच्या वर्गात महिन्याला चार हजार. कोपरखैरण्यात तेवढ्यात खोलीचं भाडं सुटतं का, ते तुम्हीच सांगा.

वर्ग वाढला की पैसे वाढतील, हे खरं. पण 2012 साली महसूल खात्याकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. काही ठिकाणी फक्त पाटी होती, वाचनालय नव्हतं, त्यामुळे पडताळणी योग्यच होती. तिच्या मागोमाग मात्र नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही वर्षानुवर्षे थांबली. बोगस वाचनालयांच्या पापाची शिक्षा चांगल्यांनी भोगली, हे माझं स्पष्ट मत आहे. माझ्या जुन्या वाचनालयात पुस्तकं "ब" वर्गाची आणि अनुदान "क" वर्गाचं, असा संसार आम्ही बरीच वर्षं केला. तेव्हा अनुदान आलं तर बोनस समजा आणि वर्गणी-देणग्यांवर चालेल एवढंच वाचनालय काढा.

एक काम मात्र आजच सुरू करा : दाखल नोंदवही. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, तारीख, किंमत, कुणाकडून आलं ते. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि शिवाय एका ठरलेल्या गुप्त पानावर. पहिलं पान फाडून पुस्तक रद्दीत गेलं तरी ते ओळखता येतं. तपासणीला आलेला अधिकारी चहाच्या आधी हीच वही मागतो.

मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर दिसतो, रोजगार हमी कर दिसतो, वृक्ष करही दिसतो. चेन्नईचा माझा मावसभाऊ म्हणतो, तिकडे ग्रंथालय करही असतो. मग आपल्याकडे का नाही?
— एक वाचक, नौपाडा

मावसभाऊ बरोबर सांगतात. मद्रासचा ग्रंथालय कायदा 1948 चा. तमिळनाडूत मालमत्ता कराच्या रुपयामागे दहा पैसे ग्रंथालय कर घेतात. कर्नाटकात 1965 च्या कायद्याने सहा टक्के, केरळात 1989 च्या कायद्याने पाच टक्के. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही.

त्याऐवजी कायद्यात "ग्रंथालय निधी" आहे आणि शासनाने त्यात दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालायचे आहेत. 1967 साली ही रक्कम भारदस्त वाटली असेल. आज राज्यात मान्यताप्राप्त वाचनालयं अकरा हजारांहून अधिक आहेत. 25 लाख त्यांच्यात वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोनशे रुपयेसुद्धा धड येणार नाहीत. प्रत्यक्षात सरकार याच्या कितीतरी पट जास्त देतं, हे मान्य करायला हवं. पण ते देतं त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणून. कायद्याचा आग्रह 25 लाखांपुरताच आहे. म्हणून तर दर वाढायला 2012 नंतर दहा वर्षं लागली आणि मोर्चे काढावे लागले.

महापालिकेच्या कायद्यातही वाचनालय हे ऐच्छिक कर्तव्य आहे. रस्ता, पाणी, गटार बंधनकारक, वाचनालय जमलं तर. ऐरोलीच्या सेक्टर 15 मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आणि त्यातलं ग्रंथालय पाहून या. पालिकेने मनावर घेतलं तर काय होतं ते दिसेल. अडचण एवढीच की मनावर घेणं कायद्याने बांधलेलं नाही.

कर लावावा का? माझं उत्तर "हो" आहे, आणि त्यावरून माझ्या घरातच मतभेद आहेत. कर असलेल्या राज्यांतही पालिकांनी गोळा केलेला पैसा ग्रंथालय विभागाकडे वेळेवर पोचत नाही, अशी जुनी तक्रार आहे. तरी बिलावर ओळ छापलेली असली की निदान विचारता तरी येतं. बिलावर ओळच नसेल, तर विचारायचं काय? आणि गंमत बघा, देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली झाला तो कोल्हापूर संस्थानात, म्हणजे आपल्याच घरात.

मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा पास होऊन "क" वर्ग वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. महिना पाच हजार मिळतात. नातेवाईक म्हणतात, शासनमान्य आहे म्हणजे सरकारी नोकरी. वेतनश्रेणी कधी लागेल?
— एक वाचक, कळवा

बाळ, पाटीवर "शासनमान्य" लिहिलेलं असतं ते वाचनालयासाठी. तुला पगार देणारी संस्थाच तुझी मालक. नातेवाइकांना हे सांगून काही उपयोग नाही, स्थळं आणणारे तर मुळीच ऐकणार नाहीत.

हिशेब मांडू. अनुदानातली निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर, म्हणजे पुस्तकं, नियतकालिकं, वीज, भाडं यांवर खर्चायची असते. 2022 च्या दराने "इतर क"च्या 1,53,600 चे निम्मे 76,800, म्हणजे महिन्याला 6,400. त्यातच शिपाई असेल तर त्याचाही वाटा. त्यामुळे तुझे पाच हजार कुणी लाटले म्हणून कमी आहेत, असं लगेच समजू नकोस. तो आकडाच तसा आहे. शिवाय हप्ते दोन, आणि दुसरा मार्च संपता संपता येतो. आमच्याकडे दिवाळीचा पगार वर्गणीच्या डब्यातून व्हायचा.

वेतनश्रेणीची मागणी माझ्या नोकरीआधीपासूनची आहे. 1973 ची प्रभा राव समिती झाली, नंतर व्यंकप्पा पत्की समिती झाली. कर्मचाऱ्यांच्या निवेदनांत ही दोन नावं अजून असतात, यावरून काय ते समज. वेतनश्रेणी लागेल या आशेवर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) सोडू नकोस. ते पूर्ण कर. शाळा-महाविद्यालयांत त्याला किंमत आहे.

तोवर नेमणूकपत्र लेखी घे, पगार बँकेत जमा होऊ दे, हजेरीपटावर रोज सही कर. वेतनाच्या रकान्यात तुझ्या नावावर किती दाखवलंय, ते वार्षिक हिशेबात बघण्याचा तुला हक्क आहे. रक्कम जुळत नसेल तर आधी अध्यक्षांना लेखी विचार, मग जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना.

आमचं वाचनालय खारघरला. ठाण्याच्या कार्यालयातून परत पाठवलं. आम्ही नवी मुंबईत नाही का?
— एक कार्यकर्ता, खारघर

पत्त्यावर आहात, सरकारदरबारी नाही. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. तुमचं जिल्हा कार्यालय अलिबागला. बेलापूरच्या पलीकडे एक स्टेशन गेलं की फाईल समुद्राकाठी जाते, त्याला इलाज नाही.

वडिलांची सहाशे पुस्तकं वाचनालयाला द्यायला गेले तर नको म्हणाले! असं कसं?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

त्यांचा राग धरू नका. दान म्हणून आम्हाला काय काय आलं आहे! दहावीची गाईडं, बंद पडलेल्या कंपनीचे अहवाल, तीन वर्षांपूर्वीच्या डायऱ्या. त्यातून खाडीकाठची दमट हवा, एका पेटीत कसर असली की महिन्याभरात शेजारचं कपाट गेलं. जागा तर कुणाकडेच नाही.

पेट्या नेऊ नका, यादी न्या. पुस्तक, लेखक, प्रकाशन वर्ष, एवढे तीन रकाने पुरे. वर्षाप्रमाणे लावा. जुनी मासिकं, दिवाळी अंक आणि स्वातंत्र्यापूर्वीची छपाई वेगळी काढा आणि ती यादी आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला दाखवा. 1893 पासूनची संस्था आहे, त्यांच्या संग्रहात नसलेलं काही तुमच्याकडे निघालं तर ते तिथेच शोभेल. बाकीच्या कथा-कादंबऱ्या लहान वाचनालयांना विचारा, आणि एकाच ठिकाणी सगळ्या घ्या म्हणून आग्रह करू नका. कोपरखैरण्याच्या ज्या गृहस्थांचं पत्र वर छापलं आहे, त्यांची खोली अजून रिकामी दिसते.