आईवडील घरात असताना मुलाचं लैंगिक शोषण होतंय हे त्यांना कळत कसं नाही?

हा प्रश्न मलाही पडायचा, पण खरं सांगू का, असली माणसं मुलाच्या आधी आईबापालाच पटवतात. अमेरिकेतला लॅरी नासर बघा, जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर, गोड बोलणारा, मुलींना ऑलिम्पिकच्या भेटवस्तू आणून देणारा, आणि कितीतरी वेळा आई त्याच खोलीत बसलेली असताना हा मध्ये असा उभा राहायचा की तिला काही दिसूच नये. एका फॅमिली फ्रेंडच्या मुलीने बाराव्या वर्षी घरी सांगितलं तर आईवडिलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि वर तिलाच त्याची माफी मागायला लावली!! २०१८ मध्ये कोर्टात १५६ जणींच्या व्यथा मांडल्या गेल्या, ४० ते १७५ वर्षं शिक्षा झाली.

आपल्याकडे हेच 'काका', 'सर' म्हणून येतं. अडीनडीला पैसे, क्लासला सोडणं-आणणं, "तुम्ही दमता, मी सांभाळतो ना", मग घर इतकं उपकाराखाली दबतं की संशय घ्यायचीच लाज वाटते. सगळेच मदत करणारे तसे नसतात हो, पण जो तुमच्या मुलासोबत एकटं राहायची संधी सारखी शोधतो, लपवून गिफ्ट देतो, "आईला सांगू नको" म्हणतो, तिथे भिडस्तपणा सोडा. मूल बोललं तर उलटतपासणी नको, आधी विश्वास ठेवा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार होते.