पावसाच्या दिवशी आई-बाबांना घेऊन ओसाकात काय करावं?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही आई-बाबांना घेऊन ओसाकात असणार, एक दिवस मोकळा आहे, त्या दिवशी नेमका पाऊस दाखवतोय. मग क्योटो उरकून यावं की दिवस गेला समजून हॉटेलात बसावं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करू नका. क्योटो ही उरकण्याची जागा नाही, आणि ओसाकात पावसाने दिवस जात नाही.

जून म्हणजे तिकडे त्सुयु, त्यांचा पावसाळा. जुलैच्या मध्यापर्यंत रिपरिप चालूच असते. बाबांचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. मग क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या ओल्या पायऱ्या कशासाठी?

मी ओसाकात नोकरीला होते तेव्हा आई राहायला आली होती. तिचेही गुडघे तसेच. दादाने ठाण्याहून यादी पाठवली होती: सकाळी किल्ला, दुपारी शेजारचं नारा शहर, संध्याकाळी दोतोम्बोरीची झगमगती खाऊगल्ली. सकाळी उठलो तर बाहेर धो धो पाऊस. मी यादी बाजूला ठेवली आणि आईला घेऊन मेट्रोने मिनामीमोरिमाचीला उतरले.

तिथेच तेन्जिनबाशिसुजी लागते. डोक्यावर छत असलेली बाजारपेठ, लांबी सुमारे 2.6 किलोमीटर, दुकानं सहाशेच्या घरात. जपानमधली ही सर्वांत लांब छताची बाजारपेठ. छत फक्त आडवे रस्ते येतात तिथे तुटतं. तेवढ्यापुरती कोणी छत्री उघडतं, कोणी पिशवी डोक्यावर धरून पळतं आणि पलीकडे पुन्हा सगळे संथ. पर्यटकांपेक्षा आसपासच्या आज्याच जास्त. कोम्बूच्या दुकानात आई बराच वेळ रेंगाळली. समुद्री शेवाळाचे वाळवलेले पट्टे जाडीप्रमाणे, प्रतीप्रमाणे लावून ठेवलेले. दुकानदारीणबाईंनी एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भाव आणि प्रत यावर त्यांचं व्यवस्थित बोलणं झालं.

मग एका किस्सातेनमध्ये बसलो. किस्सातेन म्हणजे जुन्या वळणाचं कॉफीचं दुकान, मऊ खुर्च्या, आणि ऊठ म्हणणारं कोणी नाही. तिथे मी आईसाठी मिक्स ज्यूस मागवला. ही खास ओसाकाची गोष्ट: केळं, डबाबंद पीच आणि संत्रं, दूध, बर्फ, सगळं एकत्र घुसळलेलं. आई शाकाहारी, आणि तिकडे साध्या उडोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, पाण्यातही मासा असतो, त्यामुळे काहीतरी बिनधास्त पोटात गेल्याचा तिला फार आनंद झाला. तास-दीड तास बसलो. ती काचेबाहेरची माणसं बघत होती.

बाजाराच्या उत्तर टोकाला, तेन्जिनबाशिसुजी रोकुचोमे या मेट्रो स्टेशनच्या वरच, घरांचं म्युझियम आहे. स्टेशनातून थेट लिफ्ट, एक थेंबही अंगावर पडत नाही. सरकत्या जिन्याने दहाव्या मजल्यावर जायचं आणि खाली बघायचं: 1830च्या दशकातल्या ओसाकाची अख्खी गल्ली खऱ्या मापात इमारतीच्या आत उभी केलेली, वरून सगळी कौलं दिसतात. मग गल्लीत उतरायचं. दिव्यांच्या खेळाने तिथे दिवस मावळतो, रात्र होते. पुढच्या बाजूला व्यापाऱ्यांची घरं, मागे भाडेकरूंची एकाला एक लागून खोल्यांची रांग, सगळ्यांत मिळून एक विहीर आणि एक संडास. आईचं बालपण गिरगावच्या चाळीत गेलेलं. ती विहिरीपाशी उभी राहून म्हणाली, "इथे भांडणं कशावरून होत असतील ते मी तुला सांगू शकते." आणि खरंच सांगत बसली. तिच्या चाळीतल्या नळावरच्या ज्या गोष्टी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या, त्या त्या दिवशी ऐकल्या. पुढे चपला काढून तातामीवर, म्हणजे तिकडच्या जाड चटयांवर, बसलो, तिने चूल जवळून पाहिली, धूर कुठून जात असेल ते शोधलं.

दादा अजूनही चारचौघांत म्हणतो, "आईला जपानला नेऊन बाजार दाखवलास." हे मला मान्य नाही. ओसाकाच्या किल्ल्याचा आजचा मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, आत लिफ्ट आणि संग्रहालय. खऱ्या जुन्या आहेत त्या दगडी तटबंद्या. त्या बघण्यासारख्याच आहेत, पण त्यासाठी स्टेशनपासून बरंच उघड्यावर चालावं लागतं. पावसात, दुखऱ्या गुडघ्यांनी, फक्त फोटोसाठी? आईला विचारा ना, तिला काय आठवतं ते. यादी करणाऱ्याला कोणी कधी विचारत नाही की ती कोणाच्या पायांनी पुरी करायची.

आता काही गोष्टी राहिल्या. ते घरांचं म्युझियम मंगळवारी बंद असतं. मंगळवारच निघाला तर नाकानोशिमाचं चिनी-कोरियाई मातीच्या भांड्यांचं संग्रहालय बघा, भांडी पाहायला आवडत असतील तरच. बरोबर लहान मुलं असतील तर सरळ काइयुकान मत्स्यालय गाठा, तिथल्या मोठ्या टाकीत व्हेल शार्क आहे. वादळाचा इशारा असेल तर मात्र कुठेच जाऊ नका, रेल्वे आधी सांगून गाड्या बंद ठेवते आणि माणूस अडकतो. आणि हो, आई-बाबा बरोबर नसते तर मी पावसातल्या क्योटोला नाही म्हटलं नसतं, तिथल्या बागांतलं शेवाळं पावसातच खुलतं. पण त्याला स्वतंत्र दिवस द्या.

परत आल्यावर कोणी विचारलं, "किल्ला पाहिलात का?", तर नाही म्हणून सांगा.