जिल्हा कबड्डीचा अंतिम सामना: समोर किती, आपले किती हे बघून खेळा

रविवारी रात्री मातीवर अंतिम सामना. समोरच्यांचा मुख्य चढाईपटू तुमच्या डाव्या कोपऱ्यावर खेळतो. तुमची पकड चांगली, पण चढाईची सगळी मदार एकाच मुलावर. त्यात सातांपैकी तिघे चाकरमानी शनिवारी मुंबईहून येणार. जिंकायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट आहे. अशा सामन्यात गुणफलकापेक्षा मैदानावरची डोकी जास्त मोजावीत. समोर किती उभे आहेत, आपले किती उभे आहेत, बाहेर कोण कितव्या नंबरवर बसलाय, या तीन गोष्टी कर्णधाराला प्रत्येक चढाईआधी माहीत हव्यात. एका राखीव खेळाडूला हेच काम द्या: चढाई संपली की मोठ्याने दोन आकडे ओरडायचे, "सहा-पाच", "चार-सात".

समोर सहा किंवा सात असतील तर बोनस उघडा असतो. पुरुषांच्या 13 बाय 10 मीटरच्या मैदानात निदान रेषा (चढाईपटूला ओलांडावीच लागते ती) मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा 4.75 मीटरवर, आणि तिच्यामागे जेमतेम 1.75 मीटर जागा उरते. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा हवेत, असा तो गुण मिळतो. दुसऱ्या फळीतल्या दोन चढाईपटूंना या चार-पाच दिवसांत फक्त बोनस आणि सुखरूप परत येणं, एवढंच शिकवा. डुबकी, उडी काही नको. सगळी मदार एकावर आहे हे दुखणं चार दिवसांत बरं होणार नाही, पण त्याच्यावरचा भार यातून नक्की कमी होतो.

समोर पाच किंवा चार उरले की बोनस बंद. हाच टप्पा सगळ्यात अवघड. नियमपत्रकात तिसऱ्या चढाईचा नियम असेल (आयोजकांना आजच विचारून घ्या), तर सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोर सात असताना तिसरी चढाई बोनसवर निभावता येते. पाचजण असताना स्पर्शच करावा लागतो आणि ते पाचही जण त्याचीच वाट बघत मागे उभे असतात. म्हणून समोर पाच-चार असताना मुख्य मुलाला पहिल्या किंवा दुसऱ्या चढाईला पाठवा, तेव्हा बचाव थोडा सैल असतो. बहुतेक संघ नेमकं उलटं करतात. दोन रिकाम्या घालवतात, मग आपला हुकमी माणूस तिसरीला पाठवतात आणि त्याला बाहेर बसवतात.

समोर तीन किंवा कमी राहिले तर लोण (म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद) दिसू लागतो आणि घाई होते. पण तिघांनी किंवा दोघांनी पकडलं तर ती अव्वल पकड, त्यांना दोन गुण आणि त्यांचा एक माणूस आत. घाई करू नका. एक एक माणूस टिपा. मध्यंतराच्या वेळी जितके खेळाडू मैदानात असतात तितक्यांवरच दुसरा डाव सुरू होतो, त्यामुळे पूर्वार्ध संपताना समोर दोनच उरले असतील तर शेवटच्या चढाईत जीव पणाला लावायची गरज नाही. तो लोण दुसऱ्या डावातही तुमची वाट बघतोय.

आता त्यांचा तो चढाईपटू. त्याला पकडणं हे अर्धं काम, त्याला बाहेर बसवून ठेवणं हे उरलेलं अर्धं. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. तो रांगेत पहिला असेल तर तुमची एक चूक त्याला परत आणते. तुमचा चढाईपटू पकडला गेला किंवा त्यांच्या चढाईत तुमचा माणूस बाद झाला, की तो आत. बोनसने मात्र कोणीही जिवंत होत नाही. म्हणजे तो बाहेर असेपर्यंत बचावफळीने मागे सरकून बोनस खुशाल द्यावा, अंगाला हात लागू देऊ नये. आपल्या दोन चढाया पूर्ण 30 सेकंद वापरून रिकाम्या आणाव्यात. आपल्या या दोन, त्यानंतरची गुणाची तिसरी आणि त्यांच्या दोन चढाया धरल्या तर एवढ्यात अडीच मिनिटं जातात. त्यांचा कणा अडीच मिनिटं बाद खेळाडूंच्या चौकोनात बसलाय, ही तुमची सगळ्यात मोठी कमाई. या वेळात एक-दोन बोनस गेले म्हणून बाजूने आरडाओरडा झाला तरी कर्णधाराने डगमगू नये.

पकडीबद्दल थोडं सविस्तर. डावा कोपरा, म्हणजे तिथला बचावपटू, घोटा धरतो तेव्हा त्याचं काम फक्त चढाईपटूला क्षणभर अडवण्याचं असतं. पकड पूर्ण करतो तो कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू. बोनस रेषेवरून मध्यरेषा गाठायला चांगल्या चढाईपटूला तीन ढांगा पुरतात, पहिली ढांग पडायच्या आत कव्हर त्याच्या आणि मध्यरेषेच्या मधे आलेला हवा. चूक कायम इथेच होते: कव्हर चढाईपटूच्या अंगावर धावतो. त्याने परतीच्या वाटेवर धावायचं असतं. इराणचा डावा कोपरा फजल अत्राचली, त्याचे घोट्याचे पट सगळे बघतात, पण त्या पटानंतर बाकीचे किती पटकन येऊन वाट बंद करतात तेही बघा. कोपऱ्याने पाय कधी धरायचा? चढाईपटूने बोनससाठी पुढचा पाय टाकला आणि वजन त्यावर आलं, त्या क्षणी. पाय हवेत असताना झेपावलात तर तो मागे खेचून घेतो आणि तुम्ही तोंडावर पडता.

किनाऱ्यावर दमट हवेत पोरं घामाने निथळतात, नुसत्या बोटांच्या पकडीतून घोटा सुटतो. स्वतःचं एक मनगट दुसऱ्या हातात अडकवून कुलूप घालायची सवय करा. तेल किंवा काहीही बुळबुळीत अंगाला लावायला नियमाने बंदी आहे. समोरच्याच्या अंगाला लागलंय असं वाटलं तर कर्णधाराने सामना सुरू व्हायच्या आधीच सरपंचांना (सामन्याच्या मुख्य पंचांना) सांगावं, मधे नाही. स्वतःच्या मुलांची नखंही आदल्या दिवशी कापून घ्या. आणि कैची नको, शर्ट ओढणं नको, दम तोडायला तोंड दाबणं नको. पिवळं कार्ड मिळालं तर दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं. मोजणीवर चालणाऱ्या खेळात याहून महाग काही नाही.

चाकरमान्यांचं गणित वेगळं. कोपरा मुंबईचा आणि कव्हर गावचा, अशी जोडी ऐनवेळी लावू नका. पकड जोडीत असते, एकेकट्या माणसात नसते. तिघांपैकी दोघे मुंबईत एकत्र सराव करत असतील तर त्यांना एकाच बाजूला द्या आणि गावच्या दोघांना दुसऱ्या बाजूला. सातजणांची साखळी शनिवारी संध्याकाळी निदान तासभर माती तुडवून जुळवा, फक्त तीन प्रसंग घ्या: बोनसला आलेला चढाईपटू, कोपऱ्यावर हात मारून पळणारा, आणि तिसरी चढाई. तिसऱ्या चढाईला कोणीही पुढे जायचं नाही, त्यालाच यायचंय. शक्य असेल तर त्या तिघांना शुक्रवारच्या रात्रीच निघायला सांगा. महामार्गावर रात्रभर बसमध्ये आखडलेले पाय एका झोपेशिवाय मोकळे होत नाहीत.

आपल्याकडे उपांत्य आणि अंतिम सामना बहुधा एकाच रात्री होतो, मधे कधी तासभर, कधी वीस मिनिटं. घाम अंगावर सुकला आणि खारा वारा लागला की पोटऱ्या धरतात. उपांत्य सामना संपला की लगेच कोरडे टीशर्ट घाला, बसू नका, चालत राहा. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घोट घोट द्या. त्याच्या जोडीला कोकम सरबत चालेल. जेवण सामन्याच्या तीन तास आधी, पेज किंवा साधा वरणभात. मासळीचं तिखट कालवण, वडे-सागोती हे सगळं सामना झाल्यावर.

दव पडायला लागलं की लॉबीजवळची (मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांजवळची) माती आधी ओली होते, कारण तिथे वावर कमी असतो. झटापट सुरू होण्याआधी लॉबीत पाय गेला तर खेळाडू बाद, त्यामुळे तिथे घसरणं म्हणजे फुकटचा गुण देणं. उत्तरार्ध सुरू होताना कोपऱ्यातल्या दोघांनी पाय घासून बघावा. फक्कीच्या रेषा पुसट झाल्या असतील तर कर्णधाराने सरपंचांना विनंती करून त्या पुन्हा मारून घ्याव्यात. बोनसचा वाद निम्म्या वेळा पुसलेल्या रेषेमुळेच होतो.

मागे पडलात तर? 2016 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला भारत मध्यंतराला इराणविरुद्ध 13-18 असा मागे होता आणि 38-29 असा जिंकला. पाच गुणांची पिछाडी म्हणजे एक लोण आणि थोडी वर. पहिल्या डावात तुमचे दोघेच उरले, दोघेही बचावपटू, आणि मुख्य चढाईपटू बाहेर, तर तीन-चार मिनिटं रेटत बसू नका. लोण देऊन सगळे सात आत घ्या. त्यात त्यांना दोन माणसांचे दोन आणि लोणाचे दोन असे चार गुण जातील, पण तुमचा चढाईपटू लवकर खेळात येईल. हाच निर्णय शेवटच्या पाच मिनिटांत मात्र घेऊ नका, तिथे अव्वल पकडीसाठी थांबा.

आघाडीवर असाल तर शेवटच्या चार मिनिटांत एकूण आठ चढाया धरा, चार तुमच्या. तिसरीच्या नियमामुळे चारही रिकाम्या घालवता येणार नाहीत, मधे एकीत गुण आणावाच लागेल. ती कोणत्या मुलाने करायची हे टाइम आउट घेऊन ठरवा. प्रत्येक डावात 30 सेकंदांचे दोन मिळतात, त्यातला दुसऱ्या डावातला एक या वेळेसाठी राखून ठेवा.

बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया. पाच वेगवेगळे चढाईपटू लागतात, त्यांची नावं क्रमाने सरपंचांना द्यावी लागतात, कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजतात, आणि निदान रेषाच बोनस रेषा धरली जाते. म्हणजे 4.75 ऐवजी 3.75 मीटरवर गुण. तुमच्या कोपऱ्यांनी आणि कव्हरनी या अंतरावर चढाई करून बघितली आहे का? नसेल तर शनिवारच्या सरावात शेवटची पंधरा मिनिटं त्यालाच द्या, आणि पाच नावांची चिठ्ठी क्रमासकट आधीच लिहून व्यवस्थापकाच्या खिशात ठेवा. तीही बरोबरीत सुटली तर सुवर्ण चढाई, ती कोणाला मिळणार ते नाणेफेकीवर. तिथे मात्र त्या एका मुलालाच पाठवा.